बदली आणि कायम : सिंगापूरचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीच्या कार्यकर्त्यांनी मला विचारले, यंदा कोणत्या विषयावर बोलणार? मी म्हटलं, सिंगापूरवर. दोघे-तिघे हसले. गिरणीत साचा चालवणारा माणूस सिंगापूरवर काय बोलणार! पण मंडळी, विषय लांबचा वाटला तरी तो आपल्या चाळीच्या जिन्यापर्यंत येऊन पोचला आहे. "पोरगा आयटीआय झालाय, वेल्डिंग येतंय, एजंट सिंगापूरला पाठवतो म्हणतो. दोन वर्षं काम केलं की पी.आर. मिळतो, मग सगळं घर तिकडं." हे बोलणे मी आपल्याच वस्तीत तीन घरांत ऐकले. पी.आर. म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी, आपल्या भाषेत कायम वास्तव्याचा हक्क. या दोन अक्षरांपायी कुणी अंगावरचे सोने गहाण टाकतो, कुणी सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलतो. म्हणून या दोन अक्षरांचा हिशेब आज तुमच्यासमोर मांडणार आहे.

मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस नाही. परंतु युनियनच्या कामाने एक सवय लावली. छापील कागद पुरा वाचायचा, आणि सही करण्याआधी वाचायचा. तिथल्या सरकारचे नियम मी आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना बसवून ओळीओळीने वाचून घेतले. ते सांगतो.

गिरणीतल्या जुन्या माणसांना 'बदली' आणि 'कायम' हे दोन शब्द समजावून सांगायला नकोत. बदलीवाला सकाळी गेटावर उभा राहायचा. कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम. साचा तोच, घाम तोच, कापडही तेच. पण एकाच्या नावाची जागा असायची आणि दुसऱ्याच्या हातात नुसते कार्ड. तरीही बदलीवाल्याला एक आशा होती. आज ना उद्या जागा रिकामी होईल, आपले नाव हजेरीपटावर चढेल. युनियनने त्यासाठी मोर्चे काढले, तडजोडी केल्या. बदलीचा कायम होण्याचा रस्ता अरुंद होता, पण रस्ता होता. सिंगापूरला ज्या कार्डावर आपली पोरं नेली जातात, त्या कार्डावरून कायमचा रस्ताच निघत नाही. माझे सगळे बोलणे या एका वाक्यात आहे. बाकीचे आता तपशिलाने ऐका.

सिंगापूर हा एका शहराएवढा देश. ९ ऑगस्ट १९६५ रोजी तो मलेशियापासून वेगळा झाला. जून २०२४ मध्ये तिथली लोकसंख्या सुमारे ६०.४ लाख होती. त्यातले नागरिक ३६.४ लाख, कायम रहिवासी ५.४ लाख, आणि बाकीचे १८.६ लाख लोक मुदतीच्या कागदावर राहणारे. म्हणजे दर दहा माणसांतली तीन माणसे तिथे आहेत, पण तिथली नाहीत.

परदेशी माणसाला कामासाठी तिथे मुख्यतः तीन प्रकारचे कागद मिळतात. पहिला एम्प्लॉयमेंट पास. तो साहेब लोकांचा, म्हणजे इंजिनिअर, कॉम्प्युटरवाले, बँकवाले यांचा. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी महिना किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, वय वाढेल तशी ही अट वाढते, आणि शिक्षण वगैरेचे गुण मोजले जातात. दुसरा एस पास. तो मधल्या दर्जाच्या कुशल माणसाचा, म्हणजे टेक्निशियन, सुपरवायझर यांचा. सप्टेंबर २०२५ पासून त्याला किमान ३,३०० डॉलर पगाराची अट आहे. तिसरा वर्क परमिट. बांधकाम, जहाजबांधणी, तेल-रसायनांच्या कारखान्यांची उभारणी, घरकाम, ही सगळी अंगमेहनत या तिसऱ्या कागदावर चालते. डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्या कागदावर सुमारे दोन लाख माणसे होती, दुसऱ्यावर पावणेदोन लाख, आणि तिसऱ्यावर अकरा लाखांच्या वर.

आता कायम वास्तव्यासाठी अर्ज कोण करू शकतो? नागरिकाची किंवा कायम रहिवाशाची बायको अथवा नवरा. त्यांची एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले. नागरिकाचे वृद्ध आईवडील. एम्प्लॉयमेंट पास किंवा एस पास असलेला नोकरदार. तिथे दोन वर्षांहून जास्त राहून राष्ट्रीय परीक्षा पास झालेला विद्यार्थी. आणि भांडवल घालणारा परदेशी. या शेवटच्या माणसासाठी मार्च २०२३ पासून धंद्यात एक कोटी डॉलर घालण्याची अट आहे. डॉलरला साठ रुपये धरले तरी ते साठ कोटी होतात.

या यादीत वर्क परमिटवाला शोधा बरं! नाही सापडणार. दोन वर्षे काम केलेला नाही, दहा केलेला नाही, वीस केलेला नाही. त्याच्या नोकरीच्या वर्षांना अर्जाच्या दारात किंमतच नाही. अर्ज नामंजूर होणे ही पुढची गोष्ट झाली. त्याला त्या कागदावर अर्जच करता येत नाही.

वर्षांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. पूर्वी वर्क परमिटवर किती वर्षे राहता येईल याला मर्यादा होती. कसब आणि धंदा पाहून १४ ते २६ वर्षे. १ जुलै २०२५ पासून ती मर्यादा काढून टाकली, आणि कामाचे कमाल वय साठवरून त्रेसष्ट केले. कामगाराच्या दृष्टीने यात चांगलेही आहे. शिकलेले हात कामावर राहतात, घरी पैसा येत राहतो. पण दुसरी बाजू बघा. एखादा पोरगा बाविसाव्या वर्षी गेला तर एकेचाळीस वर्षे तो त्या देशाच्या इमारती बांधू शकतो. दर दोन वर्षांनी परमिट नवे होईल. त्रेसष्टाव्या वर्षी त्याला विमानात बसवतील, आणि त्या एकेचाळीस वर्षांत तो एकदाही कायम होण्याच्या रांगेत उभा राहिलेला नसेल.

वर्क परमिटच्या अटी आणखी ऐका, विशेषतः भगिनींनी. या कागदावर बायको-मुलांना सोबत राहायला नेता येत नाही. मालकाने मलेशियाबाहेरच्या प्रत्येक कामगारामागे सरकारकडे ५,००० डॉलरचा हमी बाँड द्यावा लागतो. सिंगापूरच्या नागरिकाशी किंवा कायम रहिवाशाशी लग्न करायचे असेल तर सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. परमिट संपून माणूस घरी परतला तरी ही अट सुटत नाही. घरकाम करणाऱ्या बाईची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते, त्यात ती गरोदर आहे का हेही पाहतात. गरोदर निघाली तर परमिट जाते. आता मला सांगा, जो देश तुमच्या घरी पाळणा हलू नये याची व्यवस्था कायद्यात करतो, तो देश तुम्हांला दोन वर्षांत कायम करील काय?

सिंगापूरची बाजूही ऐकली पाहिजे. एकतर्फी बोलणे कार्यकर्त्याला शोभत नाही. जागा थोडी, घरे मोजकी. तिथल्या रहिवाशांत सुमारे ७४ टक्के चिनी, साडेतेरा टक्के मलय आणि नऊ टक्के भारतीय वंशाचे लोक आहेत. हे प्रमाण साधारण असेच राखायचे धोरण तिथले सरकार उघडपणे सांगते. दारे सताड उघडली तर आपल्याच माणसांना घर आणि नोकरी मिळणार नाही, ही तिथल्या सामान्य माणसाची भीती आहे. ती खोटी म्हणता येत नाही. आपल्या शहरातही बाहेरून आलेल्यांबद्दल आपण काय काय बोलतो ते आठवून पाहा.

पण इतिहास दुसरेही काही सांगतो. १८२५ पासून १८७३ पर्यंत हिंदुस्थानातले बंदी बोटीने सिंगापूरला नेले जात. त्यात आपल्या मुंबई इलाख्यातलेही होते. त्यांनी जंगल तोडले, रस्ते केले, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल बांधले. आज तिथला राष्ट्राध्यक्ष ज्या इस्ताना वाड्यात बसतो तो त्यांनीच बांधला. शिक्षा संपल्यावर त्यातले कित्येक तिथेच राहिले, संसार केले. पुढे १९५७ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. बाहेर जन्मलेला पण आठ वर्षे तिथे राहिलेला माणूस निष्ठेची शपथ घेऊन नागरिक म्हणून नाव नोंदवू शकला. हमाल, सांपानवाले, बंदरावरचे कुली, लाखोंनी नोंदले गेले. १९६६ साली नवी ओळखपत्रे निघाली. नागरिकाला गुलाबी, कायम रहिवाशाला निळे. ते रंग आजही तेच आहेत.

म्हणजे एके काळी बेड्या घालून नेलेल्या माणसाला तिथे घर करता आले. आठ वर्षे ओझी वाहिलेल्या कुल्याला नागरिक होता आले. आणि आज स्वतःच्या पायाने, स्वतःच्या खर्चाने, परीक्षा देऊन गेलेल्या वेल्डरला अर्जाचा कागदही मिळत नाही. मी याला अन्याय म्हणतो. कोणत्या कामाला मान द्यायचा आणि कोणत्या कामाला नुसती मजुरी द्यायची, हा भेद आपण गावकुसाबाहेर राहून पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्याची ओळख पटायला आपल्याला वेळ लागत नाही.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा हा भेद जगाने पाहिला. कामगारांच्या वसतिगृहांत एका खोलीत दाटीवाटीने माणसे राहत होती. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सरकारनेच जाहीर केले की वसतिगृहांतल्या सुमारे ४७ टक्के कामगारांना लागण होऊन गेली. त्यानंतर नव्या वसतिगृहांचे नियम सुधारले, हेही खरे. तिथे कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. त्यातल्या २००४ साली सुरू झालेल्या एकीचे नाव 'ट्रान्झियंट वर्कर्स काउंट टू' असे आहे. याचा अर्थ, येऊन-जाऊन असलेला कामगारही मोजला गेला पाहिजे. नावातच मागणी आहे.

आता पी.आर. मिळतो त्यांना तरी काय मिळते? आपल्या पोरांपैकी कुणी इंजिनिअर होऊन एम्प्लॉयमेंट पासवर जाईल, तेव्हा हे उपयोगी पडेल. अर्ज ऑनलाइन करायचा. फी १०० डॉलर, ती परत मिळत नाही. सहा महिने किंवा त्याहून जास्त वाट पाहायची. शिक्षण, वय, कमाई, कुटुंब, तिथल्या लोकांशी नाते, किती वर्षे राहिला, हे सगळे पाहतात. नामंजूर झाला तर कारण सांगत नाहीत. २०२४ साली सुमारे ३५ हजार लोकांना मंजुरी मिळाली. अर्जात खोटी माहिती किंवा खोटे सर्टिफिकेट दिले तर खटला होतो. तेव्हा 'आमची आतून ओळख आहे' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

मंजुरी मिळाल्यावर निळे कार्ड येते. नोकरी बदलली तर नवा पास नको. आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखा तिथला सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, मालक आणि कामगार दोघांचा हिस्सा जमा होतो. नवरा-बायको दोघेही कायम रहिवासी असतील तर तीन वर्षांनी सरकारी गृहनिर्माण मंडळाचे जुने घर विकत घेता येते, नवे नाही. मतदानाचा हक्क नाही. देशाबाहेर जाऊन परत यायला वेगळा परवाना लागतो, तो सांभाळला नाही तर दर्जा जाऊ शकतो. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे वडिलांच्या अर्जात ज्या मुलाला कायम केले, त्या मुलाला अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षे सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते, लष्करात, पोलिसांत किंवा नागरी संरक्षणात. ती चुकवली तर पुढे त्या देशात शिकायला आणि नोकरीला यायची वाट अवघड होते. आईबापांनी मुलाच्या वतीने सही करताना हे ध्यानात ठेवावे. पुढे नागरिक व्हायचे ठरवले तर भारताचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य नाही.

मग कामगाराच्या पोराने करायचे काय? जाऊच नये काय? मी तसे म्हणत नाही. पोटासाठी आपले आजे-पणजे गाव सोडून मुंबईला आलेच की! जावे, पण काय म्हणून जातो आहोत ते ओळखून जावे. पाच वर्षे बदली म्हणून जायचे, कर्ज फेडायचे, बहिणीचे शिक्षण करायचे, हातात कसब घेऊन परत यायचे, असा बेत असेल तर तो हिशेब जुळू शकतो. कायम होऊ या आशेवर सोने गहाण टाकले तर तो कधीच जुळणार नाही.

आकडे घालून दाखवतो. समजा, एजंटाने अडीच लाख मागितले आणि ते तुम्ही महिना तीन टक्क्यांनी उचलले. नुसते व्याज झाले महिना साडेसात हजार. मंजुरीपत्रात समजा रोज वीस डॉलर मूळ मजुरी लिहिली आहे. सव्वीस दिवसांचे ५२० डॉलर, साठच्या भावाने ३१,२०० रुपये. त्यातून जेवणखाण, फोन, आजारपण. ओव्हरटाइम मिळाला तर बरे, पण तो मालकाच्या हातात. पहिले वर्ष बहुतेक सावकाराचेच समजा.

एक अरुंद रस्ता आहे, तोही सांगून ठेवतो. वर्क परमिटवरचा माणूस डिप्लोमा किंवा मान्य तांत्रिक शिक्षण मिळवील, त्याचा पगार एस पासच्या अटीइतका होईल, आणि त्याचा मालक आपल्या ठरावीक कोट्यातून त्याच्यासाठी अर्ज करील, तर तो एस पासवर जाऊ शकतो. मग पी.आर.चा अर्ज करण्यास तो पात्र होतो. मिळेलच असे नाही, पण रांगेत उभा राहता येते. म्हणजे किल्ली शिक्षणात आहे. ज्या पोराला आयटीआयनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करणे शक्य आहे त्याने तो करूनच जावे. दोन वर्षे उशीर झाला तरी चालेल. आईबापांनो, एजंटाला द्यायचे अडीच लाख पोराच्या डिप्लोम्यात घाला. त्याची पावती जन्मभर कामाला येते.

आता जाणाऱ्यांसाठी पाच गोष्टी. कागदावर उतरवून घ्या.

एक. सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाचे तत्त्वतः मंजुरीचे पत्र निघाल्याशिवाय पैसा द्यायचा नाही. वर्क परमिटचे हे पत्र कामगाराला समजणाऱ्या भाषेत मालकाने निघण्यापूर्वी पाठवायचे असते. त्यात मूळ पगार, भत्ते, कपात सगळे लिहिलेले असते. लिहिलेला पगार तुमच्या लेखी संमतीशिवाय कमी करता येत नाही. म्हणून तिथे गेल्यावर कोऱ्या कागदावर सही नाही.

दोन. आपल्याकडच्या १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला एजंट आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. पावती मागा. पावती नाही म्हणाला तर समजून जा. सिंगापूरच्या एजंटालाही कराराच्या दर वर्षाला एक महिन्याचा पगार, आणि जास्तीत जास्त दोन महिन्यांचा पगार, याहून जास्त कामगाराकडून घेता येत नाही.

तीन. मालक सरकारला दर महिन्याला लेव्ही भरतो. ती कामगाराच्या पगारातून कापता येत नाही.

चार. पासपोर्ट आपल्याजवळ ठेवायचा. मंजुरीपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि हजेरीचा फोटो घरी पाठवून ठेवायचा.

पाच. पगार थकला किंवा अपघात झाला तर गप्प बसायचे नाही. तिथे अपघात भरपाईचा कायदा परदेशी कामगारालाही लागू आहे. मंत्रालयाकडे तक्रार करता येते. २००९ पासून मायग्रंट वर्कर्स सेंटर आहे. तिथे मदत मागता येते.

बंधू-भगिनींनो, गिरणीत असताना बदलीवाल्याच्या बाजूने कायम कामगार बोलला तरच काही झाले. ज्याची जागा पक्की आहे त्याने बोलायचे असते. सिंगापुरात आज हजारो मराठी माणसे आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे, सण होतात, नाटके होतात. त्यांतल्या निळ्या आणि गुलाबी कार्डवाल्यांना माझी विनंती आहे, रविवारी एखाद्या वसतिगृहाच्या दारापर्यंत जाऊन या. तिथे आपल्या भाषेचा एखादा पोरगा भेटला तर त्याचे पत्र वाचून द्या. आणि आपल्या शहरातही जो परमुलखातला मजूर इमारतीच्या परांचीवर चढलेला दिसतो, त्याचे रेशन, त्याच्या पोराची शाळा, याबद्दल आपण काय करतो तेही स्वतःला विचारू या. सिंगापूरला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असे चालणार नाही.

शेवटी समितीपुढे एक सूचना ठेवतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता, विहाराच्या वाचनालयात एक टेबल मांडू. वस्तीतल्या ज्या कुणाला परदेशच्या नोकरीचा कागद आला असेल त्याने तो घेऊन यावे. शिकलेली पोरं वाचतील, मी शेजारी बसेन. एजंटाला पैसे देण्याच्या आदल्या दिवशी या, दिल्यानंतर नको. पुढच्या वर्धापनदिनाला किती कागद वाचले आणि किती घरांचे सोने पेटीतच राहिले, याचा अहवाल आपण याच व्यासपीठावरून देऊ.